गोव्याचा संघ, दिल्लीचा आखाडा

मसुरे, (प्रतिनिधी) – वाडीच्या नावाने खेळणारा कबड्डीचा संघ हरला, की मसुऱ्यासारख्या गावात चार दिवस दुसरा विषय नसतो. खेळाडू घरचे, मैदान घरचे आणि हारही घरचीच. हा जिव्हाळा मिश्र मार्शल आर्ट्ससारख्या वैयक्तिक झुंजींच्या खेळात रुजविता येईल का, हा प्रश्न 'सुपर फाइट लीग'च्या २०१७ च्या हंगामाने पुढे आणला. उत्तर मात्र अर्धवटच राहिले.

अभिनेता संजय दत्त व उद्योजक राज कुंद्रा यांनी २०१२ मध्ये मुंबईत या लीगचा प्रारंभ केला. तेव्हा भर होता बॉब सॅप, जेम्स थॉम्पसन अशा विदेशी नावांवर. मुष्टियोद्धा आमिर खान आणि बिल डोसांझ यांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये तिला सांघिक रूप आले. आठ संघ, ९६ खेळाडू आणि प्रत्येक सामन्यात सहा लढती. त्यांपैकी एक महिलांची. संघाच्या निकालात महिलेची लढतही मोजली जाणे, ही या रचनेची जमेची बाजू होय.

खरी उणीव दिसते ती 'गोवा पायरेट्स'कडे पाहताना. सिंधुदुर्गला सर्वांत जवळचा संघ हाच. परंतु लढती दिल्लीच्या सिरी फोर्ट संकुलात झाल्या. गोव्याचे नाव होते, गोव्याचा प्रेक्षक नव्हता. याउलट २०१४ मध्ये सुरू झालेली प्रो कबड्डी शहराशहरांत फिरली आणि 'आपला संघ' ही भावना उभी राहिली. अमेरिकेतही २००६ मध्ये सांघिक झुंजींची 'इंटरनॅशनल फाइट लीग' गाजावाजात सुरू झाली व २००८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. केवळ संघांना शहरांची नावे दिल्याने निष्ठा निर्माण होत नाही, हाच त्यातील धडा.

दुसरा प्रश्न खेळाडूच्या भवितव्याचा. कबड्डीपटूला तालुका, जिल्हा, राज्य अशी शिडी असते. प्रमाणपत्राच्या बळावर नोकरीतील क्रीडा आरक्षणाची आशाही असते. झुंजीच्या पिंजऱ्यात उतरणाऱ्या कोकणी तरुणापुढे अशी बांधीव वाट नाही. दुखापतीची जोखीम मात्र पहिल्या दिवसापासून आहे.

ऐची-नागोया येथील २०२६ च्या आशियाई स्पर्धेच्या कार्यक्रमात या खेळाला स्थान मिळाले असल्याने तो आता निव्वळ मनोरंजन म्हणून बाजूला सारता येणार नाही. मात्र नव्या लीगआधी जिल्ह्यात प्रशिक्षक, वैद्यकीय तपासणी आणि विमा हवा. संघाला गावाचे नाव द्यायचे, तर गावातील मुलाची जबाबदारीही घ्यावी लागेल.