थंडीविना संक्रांत

पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत दोन तासांहून जास्त फरक असतो. लंडनला तो नऊ तासांच्या घरात जातो. सिंगापुरात जेमतेम ९ मिनिटं! विषुववृत्त इथून दीडशे किलोमीटरही लांब नाही. त्यामुळे २१ डिसेंबरलाही सूर्य सकाळी सातच्या सुमारास उगवतो, संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो आणि मधल्या वेळात बऱ्याचदा पाऊस कोसळत असतो. भर दुपारी काठी रोवून पाहिली, तर डिसेंबरात सावली उत्तरेकडे पडते आणि जूनमध्ये जवळपास तेवढीच दक्षिणेकडे. सूर्य रुसून गेला, आता परत येतो की नाही, अशी धास्ती वाटावी असं इथल्या आकाशात काहीच घडत नाही.

तरी वर्षाच्या या टोकाला या शहरात सणांची रांग लागते. सुरुवात चिन्यांच्या ‘डोंगझी’पासून. हा सण २१ किंवा २२ डिसेंबरला, नेमका अयनाच्या दिवशी येतो. दुपारची सावली वर्षात सर्वाधिक लांब कधी पडते हे मोजून प्राचीन चिनी ज्योतिषांनी हा दिवस ठरवला आणि आपल्या पंचांगाची खुंटीच त्याला बांधली. आजही डोंगझी चिनी अकराव्या महिन्यातच यावा लागतो, म्हणून अधिक महिना त्या बेतानं धरतात.

त्या दिवशी शेजारच्या आंटी वाटीभर तांगयुआन आणून देतात. चिकट तांदळाच्या पिठाचे पांढरे-गुलाबी गोळे उकळत्या पाण्यात सोडायचे. शिजले की ते आपोआप वर तरंगतात. मग आलं आणि पंदनची पानं घालून उकळलेल्या साखरेच्या पाण्यात ते टाकायचे. आत सारण असतं काळ्या तिळाचं, नाहीतर शेंगदाण्याचं. घाईनं चावलं तर जीभ भाजलीच म्हणून समजा. “खाल्लेस ना? आता एका वर्षानं मोठी झालीस,” असं आंटी दरवर्षी बजावतात. मी मात्र त्या तिळाच्या वासानं थेट आजोळच्या स्वयंपाकघरात पोचते. थंडीत तीळ खावेत, हे शहाणपण दोन्ही संस्कृतींना आपापल्या थंडीनं शिकवलं असणार.

नाताळाचंही तसंच. २५ डिसेंबर ही रोमन पंचांगात अयनाची रूढ तारीख होती. चौथ्या शतकातल्या रोममधल्या एका पंचांगात ‘अजिंक्य सूर्या’चा जन्म आणि येशूचा जन्म असे दोन्ही उत्सव याच तारखेला नोंदलेले सापडतात. कोणी कोणाची तारीख घेतली यावर विद्वान अजून भांडताहेत. त्यांचा निकाल लागेपर्यंत ऑर्चर्ड रोडवर दिव्यांची रोषणाई होते आणि मॉलबाहेर साबणाच्या फेसाचा बर्फ उडतो. मुलं टी-शर्ट-चड्डीत त्यात नाचतात.

आपण यावर हसायचं कारण नाही. आपली संक्रांत तर अयनापासून केव्हाच सुटली आहे. उत्तरायण सुरू होतं २१-२२ डिसेंबरला आणि आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. संक्रांतीचा हिशोब राशींच्या ताऱ्यांवर चालतो. पृथ्वीचा अक्ष हळूहळू फिरत असल्यामुळे दर ७२ वर्षांनी साधारण एका दिवसाची तफावत पडते. या दोन गोष्टी एकाच दिवशी येत होत्या, त्याला सुमारे सतराशे वर्षं झाली. टिळक पंचांग पाळणाऱ्यांची संक्रांत तर १० जानेवारीलाच होते. मेघनाद साहांच्या समितीनं आखलेल्या आणि १९५७पासून लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत मकर राशीशी निगडित पौष महिना चोख २२ डिसेंबरला सुरू होतो. पण त्या दिवशी कोणी कोणाला ‘गोड बोला’ म्हटल्याचं ऐकिवात नाही.

म्हणजे सूर्य जागचा हलला तरी सण हलत नाही. पण हवा त्याला अडवते. काटेरी हलवा मंद आचेवर, थेंबथेंब पाक घालत, तासन्‌तास हलवावा लागतो आणि त्याला काटा येतो तो कोरड्या थंडीत. सिंगापूरच्या दमट हवेत खसखशीवर पाक चढतो, पण काटा फुटत नाही, दाणे एकमेकांना चिकटून बसतात. म्हणून बाळाच्या बोरनहाणाचे हलव्याचे दागिने पुण्याहून येणाऱ्याच्या बॅगेतून, घट्ट झाकणाच्या डब्यातून येतात. सुगडासाठी ऊस मात्र सेरंगून रोडवर मिळतो, कारण तमिळांचा पोंगलही तेव्हाच असतो. काळी साडी उबेसाठी नेसायची, ती एकतीस अंशांत नेसायची म्हणजे हॉलचा एसी जोरात लावणं आलंच.

इथं पोंगलला सुट्टी नाही, संक्रांतीलाही नाही. त्यामुळे हळदीकुंकू कधी करायचं हे ना सूर्य ठरवतो ना पंचांग. सगळ्यांची रजा आणि हॉल जमेल तो शनिवार, हाच आमचा मुहूर्त. आजीला हे चाललं असतं का, अशी चुटपुट कोणाला लागली तर मी रथसप्तमीकडे बोट दाखवते. संक्रांतीपासून तिथपर्यंत हळदीकुंकवाची मुदत जुन्या बायकांनीच देऊन ठेवली आहे. सगळ्याजणी एकाच दिवशी मोकळ्या नसतात, हे त्यांना आपल्याआधी कळलं होतं.