दोष लाइटचा नाही हो!

भिवंडीत काहीही बंद पडलं की दोष लाइटचा. पंप जळला, लाइट. टीव्ही गेला, लाइट. पोरगं दहावीत गचकलं तरी पहिला संशय लाइटवरच! ज्यांनी २००७ च्या आधीचं भारनियमन काढलंय त्यांना मी नावं ठेवणार नाही. तेव्हा लाइट असणं हीच बातमी असायची. पण त्या वर्षीच्या जानेवारीत महावितरणने शहराचं वीजवितरण टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून सोपवलं, त्यालाही आता अठरा वर्षं होऊन गेली. बिलांवरून भांडणं अजून होतात (आणि व्हायलाच हवीत), पण लाइटच्या नावाने खडे फोडायची आपली सवय काही सुटत नाही.

या सवयीचा सगळ्यात जास्त फायदा कोणाला होत असेल तर यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना. आपण लाइटला शिव्या घालत बसतो आणि खरा चोर मागच्या दाराने निघून जातो. आज त्या चोराबद्दल लिहायचंय.

माझ्याकडे आतल्या खोलीत एक जुना सर्व्हर आहे. ब्रॉडवेल पिढीचे दोन झिऑन प्रोसेसर, ६४ जीबी ईसीसी रॅम. कुठल्यातरी डेटा सेंटरमधून निवृत्त होऊन, लॅमिंग्टन रोडमार्गे, पंचवीस हजारांत घरी आला. 'घरात सर्व्हर कशाला?' हा प्रश्न मला बायकोपासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय, तेव्हा तुम्ही विचारू नका. :) त्याच्यावर चारपाच व्हर्च्युअल मशिन्स चालतात. ओळखीतल्या दोन लूमवाल्यांच्या हिशेबाचा बॅकअप रोज रात्री तिथे येतो. आणि गल्लीतली तीन पोरं त्याच्यावर लिनक्स शिकतात. क्लाउडवर हेच शिकायचं तर क्रेडिट कार्ड लागतं आणि महिन्याच्या शेवटी डॉलरमधलं बिल येतं. सायझिंगमध्ये कामाला जाणाऱ्या माणसाच्या मुलाने ते कुठून भरायचं?

तर हा सर्व्हर आपणहून रीस्टार्ट व्हायला लागला. कधी चार दिवसांनी, कधी नऊ. बहुधा रात्री, नेमका बॅकअप चालू असताना. पडद्यावर काही नाही, लॉगमध्ये काही नाही. शेवटची ओळ लिहिलेली, आणि पुढची ओळ थेट नव्याने चालू झाल्याची. जो तो एकच सांगायचा. "भिवंडीची लाइट आहे बाबा, सर्व्हर कसला ठेवतोस?"

लाइटचा दोष असेल तर तो मोजता येतो. मी मोजला. अर्थिंग आणि न्यूट्रलमधला व्होल्टेज मल्टिमीटरने चार वेळा पाहिला, सकाळी, दुपारी आणि गल्लीतले सगळे माग धडधडत असतानाही. ठीक होता. त्याच यूपीएसवर, त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर एक म्हातारा डेस्कटॉप चालतो, तो शंभराहून जास्त दिवस एकदाही पडलेला नव्हता. लाइट काय माणसं ओळखून जाते? मग पॉवर सप्लाय बदलून पाहिला. मेमटेस्ट दोन रात्री चालवली, एकही चूक नाही. हीटसिंक उघडला. तिथे मात्र भिवंडी होती! कापसाचे बारीक तंतू पंख्याच्या हवेबरोबर आत जाऊन पत्र्यांच्या मध्ये गादीसारखे बसले होते. ब्रशने साफ केलं, पेस्ट नवीन लावली, तापमान बरंच उतरलं. सहाव्या दिवशी पहाटे पुन्हा रीस्टार्ट.

मग वळलो बीएमसीकडे. (आपली मुंबईची महापालिका नव्हे. पण दोघींत साम्य आहे. दोघी चोवीस तास चालू असतात आणि आत काय चाललंय ते बाहेरच्याला कळत नाही.) सर्व्हरच्या मदरबोर्डवर मुख्य प्रोसेसरशिवाय एक छोटासा वेगळा कॉम्प्युटर असतो. सर्व्हर बंद असला तरी तो जागा असतो, पंखे सांभाळतो, बिघाडांची वही लिहितो. ती वही वाचली तर सगळ्या नोंदी १९७० सालच्या! बोर्डावरचा सेल संपला होता. सेल बदलला, तारखा सुधारल्या, आणि नोंदींनी साक्ष दिली की रीस्टार्टच्या वेळी व्होल्टेज, तापमान, पंखे, सगळं जागच्या जागी होतं.

तेव्हा बायोसची तारीख पाहिली. जानेवारी २०१८.

ज्यांना हा महिना आठवतो त्यांनी आत्ताच कपाळावर हात मारला असेल. इतरांसाठी सांगतो. त्या महिन्याच्या सुरुवातीला स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या उणिवा जगजाहीर झाल्या आणि इंटेलने घाईघाईने नवं मायक्रोकोड दिलं. मायक्रोकोड म्हणजे प्रोसेसरच्या पोटातल्या सूचना, ज्या बायोस चालू होताना भरतो. बोर्ड बनवणाऱ्यांनी ते बायोसमध्ये घालून वाटलं. आणि हॅस्वेल व ब्रॉडवेल पिढीची मशिन्स अवेळी रीस्टार्ट व्हायला लागली! २२ जानेवारी २०१८ ला खुद्द इंटेलने सांगितलं की हे वाटणं थांबवा. पुढे दोनेक महिन्यांत दुरुस्त केलेलं मायक्रोकोड आलंही.

म्हणजे माझ्या सर्व्हरचा आजार काय, तो जगाला माहीत होता. औषध काय, तेही माहीत होतं. औषध तयार करून बाटलीत भरूनही झालं होतं. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर नव्या बायोसची नोंद मला दिसत होती. शेजारी डाउनलोडचं बटण. ते दाबलं की पुढचं पान विचारतं, सपोर्ट कॉन्ट्रॅक्टचा नंबर काय? मेल लिहिली, मॉडेल आणि सिरीयल नंबर देऊन. उत्तर आलं की आपलं उत्पादन वॉरंटीबाहेर आहे, तरी नवीन उत्पादनं पाहावीत. सोबत माहितीपत्रक.

डोक्यात तिडीक गेली. (कंपनीचं नाव इथे घेत नाही. पुढे जी नावं येतील ती छापून आलेल्या बातम्यांतली आहेत, त्यातलं कुठलंही माझ्या बोर्डाचं समजू नये.)

शेवटी औषध दिलं डेबियनने. लिनक्स चालू होताना स्वतःच प्रोसेसरमध्ये नवं मायक्रोकोड भरू शकतो, त्याचं पॅकेज फुकट मिळतं. ते टाकलं. आज एकशे बारावा दिवस, सर्व्हर एकदाही पडलेला नाही. ज्यांचा या बोर्डाशी काडीचा संबंध नाही अशा लोकांनी तो बरा केला, आणि ज्यांनी तो विकून पैसे घेतले त्यांनी माहितीपत्रक पाठवलं.

आता काही जण म्हणतील, कंपनीने जुन्या मालासाठी आयुष्यभर फुकट राबायचं का? इंजिनियरांना पगार कोण देणार? हा युक्तिवाद मी आयटीतल्या शहाण्यासुरत्या माणसांकडूनही ऐकलाय, म्हणून त्याचं उत्तर नीट देतो. नवीन काही बनवा असं कोणी म्हणत नाहीये. फाइल बनलेली आहे, तपासलेली आहे, सर्व्हरवर पडलेली आहे. सोळा-बत्तीस एमबीची फाइल, लग्नाच्या व्हिडिओच्या दोन मिनिटांएवढी. तिच्यावर कुलूप लावायला लॉगिन, कॉन्ट्रॅक्ट तपासणी, त्याची माणसं, हा सगळा खर्च मात्र करतात! आणि दुसरं म्हणजे, बायोसमधली चूक दुरुस्त करणं ही सेवा नाहीच. तो विकतानाच राहिलेला दोष आहे. दुकानदाराने मापात मारलं आणि पुढे म्हणाला, राहिलेलं पाव किलो हवं असेल तर वार्षिक सभासद व्हा, तर आपण काय करू?

हे एकट्यादुकट्याचं दुखणं नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये एचपीने जाहीर केलं की प्रोलायंट सर्व्हरांचं सिस्टिम रॉम अपडेट यापुढे वॉरंटी किंवा सपोर्ट कॉन्ट्रॅक्ट असणाऱ्यांनाच मिळेल. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंटेलने आपल्या जुन्या डेस्कटॉप बोर्डांचे बायोस साइटवरून काढायला घेतले. त्यातलं बरंचसं वाचलं ते इंटरनेट अर्काइव्हवर कोणीतरी आधीच ठेवलं म्हणून. आणि हे न करताही धंदा चालतो. डेल आपले बायोस कोणालाही उतरवू देते, मशीन तुम्ही कुठून आणलं हे विचारत नाही. सुपरमायक्रोही बायोसची फाइल मोकळी ठेवते. (तिथे मजा अशी की काही पिढ्यांच्या बोर्डांवर तीच फाइल बीएमसीमार्गे चढवायची तर वेगळं लायसन्स विकत घ्यावं लागतं. फाइल फुकट, जिना भाड्याचा.)

माझा खरा राग त्या फायलींबरोबर येणाऱ्या चिठोऱ्यावर आहे. 'या आवृत्तीत काय बदललं' या रकान्यात दहातल्या सात वेळा एकच वाक्य असतं, सिस्टिमची स्थिरता सुधारली. कुठली स्थिरता? कोणाची? रॅमची, पीसीआयची, की प्रोसेसरची? आधी ती बिघडली होती हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं? डॉक्टरने चिठ्ठीवर 'तब्येत सुधारली' एवढंच लिहून औषध दिलं तर आपण घेऊ का? आणि मग फोरमवर दोन पंथ तयार होतात. एक म्हणतो, आधी बायोस अपडेट कर, मग बोल. दुसरा म्हणतो, चालतंय ना, मग हात लावू नकोस. दोघेही श्रद्धेवरच बोलतात, कारण बदल काय झाला हे दोघांनाही कोणी सांगितलेलं नसतं.

आमच्या गल्लीत माग आहेत. त्यातले काही इतके जुने की मालकालाही साल सांगता येत नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या खचल्या, त्यांच्यातून बाहेर पडलेलं कितीतरी सामान भिवंडीत येऊन पुन्हा उभं राहिलं. इथला एक फिटर, त्यांना सगळे चाचा म्हणतात, नुसत्या आवाजावरून सांगतात की पिकर झिजलाय की धोटा उडतोय. भाग इथेच मिळतो, नाही मिळाला तर इथेच घडवून घेतात. मागाने चाचांना आजवर कॉन्ट्रॅक्टचा नंबर विचारलेला नाही. एकदा मी त्यांना माझा प्रकार सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मशीन तुमचं, पण स्क्रू त्यांचा?"

मागाची आणि सर्व्हरची तुलना भाबडी आहे हे मला कळतं. मागाला इंटरनेटवरून कोणी हात घालत नाही. पण त्यामुळे तर हे कुलूप जास्तच घातक ठरतं. ती जी बीएमसी आहे ना, चोवीस तास जागी, तिच्यावर ताबा मिळाला म्हणजे सगळा सर्व्हर हातात आला. जून २०१४ मध्ये उघड झालं की सुपरमायक्रोच्या सुमारे ३२,००० बोर्डांची बीएमसी आपले पासवर्ड इंटरनेटवर उघडे ठेवून बसली होती. मार्च २०२५ मध्ये एएमआयच्या मेगारॅक या फर्मवेअरमध्ये, जे अनेक कंपन्या आपापल्या बोर्डांवर वापरतात, पासवर्डशिवायच आत शिरता येईल अशी त्रुटी जाहीर झाली. गांभीर्य दहापैकी दहा. जूनमध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने सांगितलं की तिचा प्रत्यक्ष वापर होतोय. अशा वेळी 'कॉन्ट्रॅक्ट नाही, फाइल नाही' म्हणणं म्हणजे गल्लीत आग लागलेली असताना पाण्याच्या टँकरने रेशनकार्ड मागणं. जुनं मशीन माझं असेल, पण ते बिघडलं तर त्रास शेजाऱ्यालाही होतो. माझ्याकडची बीएमसी मी बाहेरच्या जगापासून पूर्ण तोडून वेगळ्या केबलवर ठेवली आहे. डेबियन तिथे मदत करू शकत नाही, तिचं फर्मवेअर त्याच कुलपात आहे.

सरकारदरबारी याची दखल नाही असंही नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल आलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं अशी चार क्षेत्रं धरली. मॅन्युअल, आराखडे, सॉफ्टवेअर अपडेट ग्राहकाला मिळावेत अशी भाषा तेव्हाच्या पत्रकात होती. पण पोर्टलवर दुरुस्ती केंद्राचा फोन नंबर देणं वेगळं आणि फाइल देणं वेगळं. एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियमही लागू आहेत, त्यात उत्पादकाने किती माल भंगारातून परत मिळवायचा याचे आकडे ठरतात. चांगलंच आहे. पण जो बोर्ड एका फायलीअभावी भंगारात जातो, त्याच्याबद्दल कोण बोलणार? सर्व्हर बनवणाऱ्याला नियम करायचाच तर साधा करा. विकलेल्या प्रत्येक बोर्डासाठी निघालेली प्रत्येक आवृत्ती, जुनीसुद्धा, कुलपाशिवाय. आणि 'स्थिरता सुधारली' लिहिणाऱ्याला दंड! (हे शेवटचं मी अर्धवट गमतीत म्हणतोय.)

तोवर गल्लीतल्या पोरांना मी एक नवीन धडा देतो. जुना बोर्ड घ्यायला लॅमिंग्टन रोडला गेलात तर रॅम किती, कोअर किती हे नंतर विचारा. आधी मोबाइलवर त्या कंपनीचं पान उघडा, मॉडेल टाका, बायोसचं बटण दाबा. फाइल उतरली तर पुढे भाव करा. गेल्या महिन्यात त्यातल्या एकाने दुकानात उभं राहून हे केलं. लॉगिनचं पान आलं तसा बोर्ड काउंटरवर परत ठेवला. दुकानदार म्हणाला, "अरे चालू होतोय ना, मग बायोसचं काय घेऊन बसलास?" पोरगा दोन हजारांनी महाग असलेला दुसरा बोर्ड घेऊन आला. तो सध्या माझ्या टेबलावर आहे, मेमटेस्टचा दुसरा दिवस.