पाहुण्यांवर जगणारा लेबनॉन

मे २०२५मध्ये संयुक्त अरब अमिरातीने आपल्या नागरिकांवर घातलेली लेबनॉनप्रवासाची बंदी उठविली. श्रीमंत आखाती पाहुणा परत येणे ही लेबनॉनमध्ये केवळ हॉटेलचालकांच्या आनंदाची बाब नसते. देश सावरला की नाही, हे तेथे बऱ्याच अंशी त्यावरूनच जोखले जाते. मात्र पुढच्याच महिन्यात इस्राएल आणि इराण यांच्यात युद्ध भडकले, विमानसेवा विस्कळीत झाली आणि ऐन उन्हाळी हंगामाच्या तोंडावर अनेकांनी आपले बेत रद्द केले. स्वतः न छेडलेल्या युद्धाची किंमत मोजण्याची लेबनॉनची ही पहिली वेळ नव्हे.

अवघे १०,४५२ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ असलेला हा देश आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान आहे. निसर्गाने मात्र त्याला भरभरून दिले आहे. एका बाजूला भूमध्य समुद्र आणि त्याला समांतर उभी पर्वतरांग. त्यातील सर्वोच्च शिखर ३,०८८ मीटर उंच. सकाळी बर्फावर घसरावे आणि संध्याकाळी समुद्रात डुंबावे, ही तेथील आवडती बढाई वसंताच्या सुरुवातीला खरीही ठरते. बालबेकच्या रोमन मंदिरात ज्युपिटरचे सहा स्तंभ अजून उभे आहेत. बिब्लॉस आणि टायर ही फिनिशियन बंदरे जागतिक वारसा यादीत आहेत. हिमालयातील देवदाराचा भाऊबंद शोभावा असा सीडर वृक्ष देशाच्या ध्वजावर विराजमान आहे. त्याची प्राचीन राई आणि ख्रिस्ती मठांनी गजबजलेले कादिशाचे खोरे यांचा १९९८मध्ये या यादीत समावेश झाला. वि. स. खांडेकरांनी ज्याच्या रूपककथा मराठीत आणल्या, तो खलील जिब्रान याच खोऱ्याच्या माथ्यावरील बशारी गावचा.

या वैभवावर देश उभा करण्याचा प्रयत्न लेबनॉनने पुनःपुन्हा केला. १९५६मध्ये बालबेकचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला आणि बैरुत ही अरब जगाची विलासनगरी ठरली. १९७५मध्ये यादवी पेटली. जेमतेम वर्षापूर्वी उघडलेले तेथील ‘हॉलिडे इन’ हॉटेल बंदूकधाऱ्यांचा मोर्चा बनले. त्या लढाईला इतिहासात ‘हॉटेलांची लढाई’ असेच नाव पडले. १९९०मध्ये शांतता आली, पाहुणे परतले. जुलै २००६मध्ये इस्राएल आणि हिज्बुल्ला यांच्यातील युद्धाने त्यांना पुन्हा पळविले. ‘ऑपरेशन सुकून’ मोहिमेत ‘आयएनएस मुंबई’सह भारतीय नौदलाच्या युद्धनौकांनी दोन हजारांहून अधिक लोकांना बाहेर काढले, ते याच वेळी. तरीही चार वर्षांनी, २०१०मध्ये, २० लाखांहून अधिक पर्यटकांनी या देशाला भेट दिली. या चिवटपणाचे जगाने तोंडभरून कौतुक केले.

खरी मेख येथेच आहे. पर्यटकांची गर्दी हे प्रकृती सुधारल्याचे लक्षण मानले गेले आणि मूळ दुखण्याकडे दुर्लक्ष झाले. १९९७पासून लेबनीज पौंडाचा दर डॉलरला सुमारे १,५०७ असा बांधून ठेवण्यात आला होता. तो टिकविण्यासाठी डॉलर येत होते पाहुण्यांकडून, परदेशी गेलेल्या लेबनीजांकडून आणि चढ्या व्याजाला भुललेल्या ठेवीदारांकडून. कारखाने, शेती, वीजनिर्मिती यांची हेळसांड झाली. २०११मध्ये शेजारच्या सीरियात युद्ध पेटले. दहा लाखांहून अधिक निर्वासित आले आणि पर्यटक ओसरले. २०१९मध्ये बँकांनी ठेवीदारांना दारे बंद केली. मार्च २०२०मध्ये सरकारने कर्जफेड थांबविली. चलनाचे मूल्य ९० टक्क्यांहून अधिक घसरले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला बैरुत बंदरात वर्षानुवर्षे बेफिकिरीने साठविलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला आणि दोनशेहून अधिक बळी गेले. हा काही शत्रूचा हल्ला नव्हता. राज्ययंत्रणा नावाची गोष्टच शिल्लक नसल्याचा तो पुरावा होता.

असे का व्हावे? लेबनॉनमध्ये १८ धर्मपंथांना अधिकृत मान्यता आहे. अध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, तर संसदेचे सभापती शिया, असा संकेत आहे. मशिदीला लागून उभे असलेले चर्च पाहून पाहुणा भारावून जातो. पण सत्तेची हीच पंथनिहाय वाटणी प्रत्येक निर्णयाची अडवणूक करते. निसर्गालाही त्याची झळ बसली. २०१५मध्ये बैरुतचा कचरा टाकायचा कुठे, यावर तोडगा न निघाल्याने रस्त्यांवर ढीग साचले. दगडखाणींनी डोंगर पोखरले.

याउलट, स्थानिकांनी हाती घेतलेले काम टिकले आहे. १९९६मध्ये संरक्षण मिळालेले शूफचे सीडरवन आज मोठ्या जीवावरणक्षेत्राचा गाभा आहे. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत जाणारी सुमारे ४७० किलोमीटरची डोंगरवाट ७५हून अधिक गावांतून जाते. वाटसरू गावकऱ्यांच्या घरी उतरतो, त्यांच्या ताटातले जेवतो आणि पैसा थेट त्या घरात राहतो. बिसरी खोऱ्यातील नियोजित धरणाला नागरिकांनी नेटाने विरोध केला. २०२०मध्ये जागतिक बँकेने त्यासाठीचे अर्थसाहाय्य रद्द केले. खोरे वाचले.

२०२४च्या युद्धात बालबेकच्या अवशेषांलगत बॉम्ब पडले, तेव्हा युनेस्कोने लेबनॉनमधील ३४ वारसास्थळांना तातडीचे विशेष संरक्षण दिले. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये युद्धविराम झाला, तरी २०२५मध्येही इस्राएलचे हवाई हल्ले थांबले नाहीत. जानेवारी २०२५मध्ये दोन वर्षांहून अधिक काळ रिकामे असलेले अध्यक्षपद जोसेफ औन यांनी स्वीकारले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे माजी प्रमुख नवाफ सलाम पंतप्रधान झाले. शस्त्रे केवळ सरकारच्या हाती राहावीत आणि बँकांनी ठेवीदारांचा हिशेब चुकता करावा, ही दोन्ही आश्वासने त्यांनी दिली.

या सरकारचे यशापयश विमानतळावरील गर्दीवरून मोजू नये. पाहुणे यापूर्वीही आले होते आणि पहिल्या स्फोटासरशी निघून गेले होते. दिवसभर वीज, बुडणार नाही अशी बँक आणि प्रश्न विचारता येईल असे सरकार मिळाले, तर लेबनॉनचा तरुण विमानात बसण्यापूर्वी दोनदा विचार करील. पाहुण्यांची उत्तम सरबराई करणाऱ्या या देशाने आता घरच्यांना राहावेसे वाटेल असे घर उभारायला हवे. तसे झाले, तर पाहुण्यांसाठी आर्जवे करावी लागणार नाहीत.