अळूचं फतफतं

न्हावा शेव्याचं बंदर 1989 मध्ये सुरू झालं. इथल्या चुलींवर अळू त्याच्या कितीतरी आधीपासून शिजतंय!

मागच्या पावसाळ्यात मी घाईत चिंच विसरले. अख्खं घर घसा खाजवत बसलं! अळूत सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते टोचतात.

म्हणून रानातलं नको, बाजारातून भाजीचं अळू आणा. हाताला तेल लावून 10 पानं चिरा, देठ सोलून घ्या. चिंचेचा कोळ घालून मऊ शिजवा, घोटा. बेसन, गूळ, मीठ घालून उकळा. लसणीची फोडणी मात्र आईबाबांनीच द्यायची हं!

आवडत असेल तर भाजलेली सुकट घाला. गंमत म्हणजे, दूर नायजेरियातले इबिबिओ लोकही पालेभाजीच्या रश्श्यात सुकी कोळंबी घालतात!