जुनी वही केव्हां मिटावी?

लेखक : एक निवृत्त महसूल कारकून, मुलुंड

भाताचें रोप राबांतून उपटून खाचरांत लावण्याचें काम कोणालाही शिकतां येतें. तें केव्हां उपटावें हें समजण्यास मात्र शेतकरीच लागतो. रोप फार कोंवळें असेल तर तें सहसा तग धरीत नाहीं, फार जून झालें तर फुटवे कमी येतात, आणि खाचरांत चिखलणी झालेली नसेल तर चांगलें रोपही फुकट जातें. गांवोगांवच्या सेवा सहकारी संस्थांच्या दप्तरांत सध्यां जो मोठा पालट होत आहे, त्याविषयीं मला हीच गोष्ट वाचकांपुढें मांडावयाची आहे. नवी पद्धति चांगली कीं वाईट, हा वाद आतां शिळा झाला. ती सुरू केल्यावर जुनी केव्हां बंद करावी, हा प्रश्न मात्र जिवंत आहे, आणि त्याचा विचार व्हावा तितका होत नाहीं.

प्रथम वस्तुस्थिति. ता. २९ जून २०२२ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें देशांतील ६३ हजार प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. तिचा खर्च २,५१६ कोटि रुपये धरला होता. पुढें संस्थांची संख्या व खर्च दोन्ही वाढविण्यांत आलीं. आपल्या महाराष्ट्रांतील सुमारें १२ हजार संस्था या योजनेंत आल्या. काम नाबार्डच्या देखरेखीखालीं चालतें. सर्व संस्थांना एकाच जातीचें सॉफ्टवेअर द्यावयाचें, हा तिचा गाभा आहे. अशा सॉफ्टवेअरला व्यापारी जगांत ई. आर. पी. म्हणतात. त्याचा अर्थ इतकाच कीं, रोजकीर्द, खतावणी, भागभांडवल, ठेवी, कर्ज आणि खताचें गोदाम हीं दप्तरें निरनिराळीं न राहतां एकाच वहींत येतात. खताच्या एका पोत्याची उधार विक्री लिहिली कीं गोदामाचा साठा, सभासदाकडील येणें व दिवसाची तेरीज हीं आपोआप बदलतात. सोय मोठी आहे. पण एका ठिकाणची चूकही तितक्याच आपोआप सर्वत्र पोंचते.

आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांचें बिऱ्हाड मुलुंड, घाटकोपर, बोरिवली येथें आणि जमीन ठाणें-पालघरकडे अशी स्थिति आहे. कांहींचीं शेतें अजून मनोरी-गोराईस आहेत. अंधेरीस १९७३ सालीं सीप्झ वसाहत निघाली. तेथें परदेशी कंपन्यांसाठीं सॉफ्टवेअरचें काम चालतें आणि आपल्या घरचीं मुलें तें करतात. त्यामुळें संगणकाचें नांव काढतांच आपण बिचकत नाहीं. मला भीति वाटते ती उलट्या बाजूची. मुलगा जेवतांना म्हणतो, "बाबा, त्यांत काय आहे? शनिवारीं जुनें बंद केलें, सोमवारीं नवें सुरू." आणि आपण मान डोलावतों.

चूक झाली तर काय होतें, याचा विचार करावा. कंपनीचें एखादें बिल चुकलें तर तें पुढच्या महिन्यांत दुरुस्त होतें. परंतु संस्थेच्या सभासदानें फेडलेलें कर्ज नव्या वहींत येणें म्हणून दिसलें, तर तो थकबाकीदार ठरतो. तीन लाखांपर्यंतचें पीककर्ज मुदतींत फेडणारास केंद्राची व्याजसवलत मिळते, शिवाय आपल्या राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नांवाची सवलतही मिळते. थकबाकीदार या दोन्हींस मुकतो आणि त्याचें नवें कर्जही अडतें. दुरुस्तीचा अर्ज तालुक्याहून जिल्ह्यास जाऊन परत येईपर्यंत मृग निघून जातो. ज्याच्या घरीं बियाण्यापुरती रोकड नाहीं त्याला मग सावकाराचें दार धरावें लागतें. वहींतल्या एका आंकड्याची किंमत त्याच्या घरीं एका हंगामाइतकी होते.

मी संगणकशास्त्राचा जाणकार नव्हे. मराठी शाळेंत शिकलों आणि महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. परंतु एक मोठें दप्तर जुन्या वहींतून यंत्रांत जातांना मीं जवळून पाहिलें आहे, आणि त्यांत माझाही हात होता. तें दप्तर म्हणजे सातबारा. राज्यांत असे सुमारें अडीच कोटि उतारे आहेत. उपनगरांतील एका कचेरींत हस्तलिखित उताऱ्यांवरून संगणकांत नोंदी घेण्याचें काम आम्ही करीत होतों. वरून तारीख आलेली होती, ती गांठावयाची म्हणून रात्रीं उशिरांपर्यंत बसत होतों. एका खात्यावर चार नांवें होतीं. यंत्रांत तीनच चढलीं. राहिलेलें नांव एका विधवा बाईंचें होतें. ताडून पाहिल्याची सही माझी होती.

पुढें २०१७ सालीं राज्यभर चावडीवाचन झालें. उतारे गांवांत वाचून दाखवावे आणि ज्याची हरकत असेल त्यानें ती तेथेंच सांगावी, अशी ती मोहीम होती. तें खातें वाचलें गेलें तेव्हां त्या बाई हजर नव्हत्या. त्यांचा धाकटा दीर उठला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, आमच्या वहिनीचें नांव राहिलें." तें नांव राहिल्यानें ज्याचा हिस्सा वाढला असता, तोच हें बोलला. मीं मान खालीं घातली. जुनी हस्तलिखित वही कचेरींत शाबूत होती, म्हणून ताडून पाहतां आलें, आणि जमीन महसूल अधिनियमाच्या १५५ व्या कलमाखालीं लेखनप्रमाद म्हणून ती चूक दुरुस्त झाली. डिजिटल सहीचे उतारे त्यानंतर, म्हणजे १ मे २०१८ पासून, मिळूं लागले. हा क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. आधीं वाचन झालें, मग दुरुस्ती झाली, आणि त्यानंतर सही आली. क्रम उलटा असता तर चुकीचा उतारा सहीनिशीं घरोघर गेला असता. आणि प्रत्येक घरांत असा दीर असतोच असें नाहीं.

परदेशांतील मोठ्या कंपन्यांनाही वेळेची चूक महाग पडलेली आहे. अमेरिकेंत हर्शी नांवाची चॉकलेट करणारी प्रसिद्ध कंपनी आहे. तिनें १९९९ सालीं आपलें दप्तर नव्या ई. आर. पी. वर नेलें. मूळ चार वर्षांचें काम अडीच वर्षांत उरकावयाचें ठरलें होतें. एप्रिलांत सुरू व्हावयाचें तें लांबून जुलैंत सुरू झालें. तिकडे ऑक्टोबरअखेर हॅलोवीनचा सण येतो आणि तीच मिठाईच्या धंद्याची सुगी. गोदामांत माल पडून होता, दुकानदारांच्या मागण्या हातांत होत्या, परंतु नव्या वहीवरून माल वेळेवर रवाना होईना. सुमारें १० कोटि डॉलरांच्या मागण्या पुऱ्या करतां आल्या नाहींत. त्याच जातीचें सॉफ्टवेअर इतर पुष्कळ कंपन्या वापरीत होत्या. येथें घाई झाली, आणि ऐन सुगीच्या तोंडावर खळें बदललें.

याच्या उलट आपल्याच देशांतलें उदाहरण पाहा. सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा करण्याचा कायदा १९५५ सालीं झाला आणि नवें नाणें १ एप्रिल १९५७ रोजीं सुरू झालें. मध्यें तयारीस दीड वर्ष मिळालें. शिवाय नवें आलें त्या दिवशीं जुनें रद्द झालें नाहीं. आणे आणि नवे पैसे बाजारांत कित्येक वर्षें बरोबर चालले. चार आणे म्हणजे पंचवीस पैसे हें लोकांच्या अंगवळणीं पडलें, मगच आणा गेला. 'नवा पैसा' यांतील 'नवा' हा शब्दसुद्धां १९६४ पर्यंत ठेवलेला होता. लिहितां-वाचतां न येणाऱ्या कोट्यवधि लोकांनीं हा पालट पचविला, याचें एक मोठें कारण हें कीं, जुनें आणि नवें कांहीं काळ शेजारीं शेजारीं नांदलें.

तर मग जुनेंच चालूं द्यावें काय? नाहीं. जून झालेलें रोपही वायां जातें. जर्मनीच्या सॅप कंपनीची ई. आर. पी. जगांतल्या मोठमोठ्या कारखान्यांत चालते. त्या कंपनीनें फेब्रुवारी २०२० मध्यें जाहीर केलें कीं, जुन्या प्रणालीची नेहमींची देखभाल २०२७ अखेरपर्यंत चालेल, आणि जादा पैसे देणारास २०३० पर्यंत मिळेल. तेव्हां धनाढ्य कंपन्यांनाही जुनें कायम धरून बसतां येत नाहीं. फक्त त्यांना सात वर्षें आधीं सूचना मिळाली. आपल्या संस्थांत तर कोणा ओळखीच्या माणसानें करून दिलेलें सॉफ्टवेअर असतें, तें समजणारा एकटा सचिव असतो, आणि तो निवृत्तीस आलेला असतो. तो गेला कीं दप्तर मुकें होतें. कांहीं संचालकांना जुनी वही प्रिय असते ती तींत मागील तारखेची नोंद घालतां येते म्हणून. अशांनीं माझ्या या लेखाचा आधार घेऊं नये.

माझें मत असें आहे. नव्या यंत्रांत व्यवहार सुरू करण्याची तारीख वरून येईल; ती पाळावी. परंतु जुनी वही केव्हां मिटावी, ही तारीख संस्थेनें आपल्या हंगामावरून व आपल्या हिशेबाच्या चोखपणावरून ठरवावी. फेब्रुवारी-मार्चांत वसुलीची गर्दी असते. एप्रिल ते जुलै पीककर्जाची व खताची असते. हे सहा महिने दप्तर बदलण्यास वर्ज्य समजावे. हिशेबनीस १ एप्रिल सुचवितात, कारण त्या दिवशीं आर्थिक वर्ष लागतें आणि कागदावर ती तारीख नीटनेटकी दिसते. पण त्याच सुमारास संस्थेच्या दारांत रांग लागलेली असते. निवड आपल्या हातीं असेल तर १ ऑक्टोबर बरा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्या सभेपुढें मार्चअखेरचे तपासलेले हिशेब येतात, सभासदही जमतात, आणि भात अजून शेतांत उभें असतें.

त्या सभेस प्रत्येक सभासदाच्या हातीं त्याच्या भागाची रक्कम, ठेव, कर्जाची मुद्दल, व्याज व फेडीची तारीख लिहिलेली चिठ्ठी द्यावी. कर्जाचे आंकडे चारचौघांत मोठ्यानें वाचूं नयेत. अब्रूचा प्रश्न असतो. कबूल असेल त्यानें सही करावी, नसेल त्यानें हरकत लिहून द्यावी. जो आला नाहीं त्याच्या घरीं चिठ्ठी पोंचती करावी. सर्व चिठ्ठ्यांची बेरीज खतावणीशीं आणि खतावणी तेरजेशीं जुळली पाहिजे. फरक निघाल्यास तो किरकोळ खातीं टाकून पुढें नेऊं नये. जुन्या वहींतच शोधून काढावा. गढूळ पाणी नव्या रांजणांत ओतल्यानें गाळलें जात नाहीं.

त्यानंतर दोन्ही वह्या बरोबर चालवाव्या. मार्चची वसुली आणि जूनचें वाटप अशी एक पुरी फेरी दोन्हींत लिहावी, आणि दर महिनाअखेर दोन्हींची बाकी पडताळून पाहावी. पुढच्या वार्षिक सभेपुढें हा पडताळा ठेवावा. जुळला असेल तर ठराव करून जुनी वही मिटावी. मिटली तरी ती रद्दींत घालूं नये. तोंवर सचिवाशिवाय आणखी एकास तरी नवें काम आलें पाहिजे. नाहींतर एका माणसाच्या आजारपणानें संस्थेचें दार बंद राहील.

वर्षभर दोनदां लिहिणें म्हणजे दुप्पट खर्च, असा आक्षेप येईल. खर्च आहे, पण दुप्पट नाहीं. गांवांतील एखाद्या शिकलेल्या मुलास किंवा मुलीस वर्षभर मानधनावर ठेवलें तर हें काम निभतें, आणि नव्या कामाचा दुसरा जाणकारही त्यांतूनच तयार होतो. समोरच्या बाजूस दोन-चार सभासदांचा बुडालेला हंगाम ठेवून पाहावें, म्हणजे हा खर्च जड वाटणार नाहीं. पडताळ्यासाठीं स्वतःची खतावणी ठेवण्यास कोणाचें परिपत्रक आड येईल, असेंही मला वाटत नाहीं.

ज्या संस्था आधींच नव्या वहीवर गेल्या आहेत आणि जुनी मिटवून बसल्या आहेत, त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. चिठ्ठ्या वाटण्याचें काम त्यांना येत्या सभेसही करतां येईल. मात्र जुनें दप्तर कोठें आहे याचा शोध आजच घ्यावा, आणि तें कुलुपांत ठेवावें.

शेवटीं सभासद बंधु-भगिनींस एक विनंति. वार्षिक सभेस आपण जातों, अहवाल मंजूर म्हणून हात वर करतों आणि चहा घेऊन परततों. यंदा तसें करूं नये. आपली बाकी लेखी मागावी, घरच्या पावत्यांशीं ताडून पाहावी, आणि शेजारचा कोणी आजारी असेल, परगांवीं असेल किंवा सभेस येण्यास संकोचत असेल, तर त्याचीही चौकशी करावी. इतकें करूनही एखादी चूक राहील. पण ती उघडकीस येईल तेव्हां ताडून पाहण्यास जुनी वही हाताशीं असेल. इत्यलम्.