‘स्पर्धेत टिकायचंय’ म्हणणाऱ्या मालकांना कार्बनचा हिशोब विचारा



2025 च्या उन्हाळ्यात जालन्यातल्या एका रोलिंग मिलच्या ठेका कामगारांसोबत बैठकीला बसलो होतो. विषय साधा होता, दोन वर्षं हजेरीचा दर वाढलेला नाही. ठेकेदार मालकाचा निरोप घेऊन आला होता : "युरोपनं कार्बन टॅक्स लावलाय, धंदा स्पर्धेत टिकंना, यंदा वाढ मागू नका." मागच्या रांगेतला एक पोरगा म्हणाला, "आपली सळई जाते कुठं?" ठेकेदार म्हणाला, "बीड, परभणी, नांदेड." पोरगा म्हणाला, "मग मधी युरोप कुठून आला?" सगळे हसले. दर मात्र वाढला नाही.

त्या पोराचा प्रश्न आपल्या चळवळीने उचलायला हवा. कारण ‘कार्बन’ आणि ‘स्पर्धाक्षमता’ हे दोन शब्द येत्या काळात प्रत्येक पगारवाढीच्या बोलणीत टेबलावर येणार आहेत, आणि आपल्यापैकी बहुतेकांना ते शब्द पर्यावरणवाल्यांचे, एसीत बसणाऱ्यांचे वाटतात.

आधी वस्तुस्थिती. युरोपीय संघात 2005 पासून कारखान्यांना धुराचे पैसे मोजावे लागतात. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडायचा तर एक परवाना हवा, आणि अलीकडच्या वर्षांत त्या परवान्याची किंमत बहुतेक काळ 60 ते 80 युरोंच्या आसपास फिरली आहे. तिथल्या मालकांनीही हीच रड केली होती : आम्ही पैसे मोजायचे आणि भारत-चीनचा माल फुकट धूर सोडून स्वस्तात येणार, मग आम्ही टिकायचं कसं? म्हणून त्यांना वर्षानुवर्षं परवान्यांचा मोठा वाटा फुकट दिला गेला. आता पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत यांसारख्या उद्योगांचा तो फुकट कोटा 2026 ते 2034 दरम्यान टप्प्याटप्प्याने संपवायचा आणि त्याच प्रमाणात बाहेरून येणाऱ्या मालाला सीमेवर कार्बनची किंमत लावायची असं ठरलं. यालाच ‘सीबॅम’ म्हणतात. नट-बोल्टसुद्धा त्यातून सुटलेले नाहीत.

1 ऑक्टोबर 2023 ते 2025 अखेर फक्त माहिती भरायची होती. म्हणजे जालन्यात तो निरोप आला तेव्हा या नियमाखाली युरोपने कुणाकडूनही एक युरोसुद्धा वसूल केलेला नव्हता. हिशोब सुरू झाला 1 जानेवारी 2026 पासून, आणि त्याची प्रमाणपत्रं विकायला सुरुवात फेब्रुवारी 2027 मध्ये. ती घ्यायची आहेत तिथल्या आयातदाराने. तो अर्थातच तो बोजा आपल्याकडच्या निर्यातदाराचा भाव पाडून ढकलणार, हे खरं. युरोपला पोलाद पाठवणाऱ्या मोठ्या कारखान्यांना फटका आहेच. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो, जगाची सरासरी दोन टनांच्या आत आहे. फुकट कोटा पूर्ण संपल्यावर 70 युरोंच्या भावाने अडीच टनांचे 175 युरो होतात. हा आकडा कुणी थट्टेवारी नेऊ नये. पण हा फटका कुणाचा, किती आणि कधीपासून, हे न सांगता बीडला सळई पाठवणाऱ्याने तो मजुराच्या हजेरीतून कापायचा, ही चोरी आहे.

ही चोरी ओळखायला आपल्याला युरोपकडे जायची गरज नाही. बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी ती पकडून दाखवली आहे. तेव्हाही शब्द हाच होता, निर्यात. रुपयाचा विनिमय दर खाली ठेवा म्हणजे आपला माल परदेशात खपेल, देशाचा फायदा होईल, असा व्यापारी-गिरणीवाल्यांचा आग्रह होता. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ लिहिणारे डॉ. आंबेडकर 1925 साली हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष द्यायला गेले, तेव्हा त्यांनी या आग्रहाची हवाच काढली. त्यांच्या मांडणीचा आशय असा : हा नफा बाहेरून देशात येत नाही, तो देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्या वर्गाच्या खिशात जातो. रुपया घसरला की वस्तू महागतात, मजुरी मात्र मागे राहते, आणि ती तफावत म्हणजेच निर्यातदाराचा नफा.

आपण बाबासाहेबांना अर्थतज्ज्ञ म्हणून जयंतीच्या बॅनरवर छापतो. हे वाक्य मात्र कामगारांच्या बैठकीत वापरत नाही. ‘देशाची स्पर्धाक्षमता’ असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न हाच : देशातल्या कुठल्या वर्गाची, आणि कुणाच्या पैशाने?

आता आपल्याच काही मित्रांशी वाद घालतो. ते म्हणतात, कार्बन टॅक्स हा गोऱ्यांचा नवा वसाहतवाद आहे, म्हणून सरसकट विरोध करा. यातलं अर्धं मला मान्य आहे. दोनशे वर्षं कोळसा जाळून श्रीमंत झालेले आता आपल्याकडून दंड वसूल करणार, आणि तो पैसा जाणार त्यांच्याच तिजोरीत. गरीब देशांना भट्ट्या बदलायला तो मिळेल अशी तरतूद त्या कायद्यात नाही. पण याच कायद्यात एक कलम आहे, आणि त्यावर आपल्या उद्योगपतींच्या संघटना फार मोठ्याने बोलत नाहीत. मालाच्या मूळ देशात कार्बनची किंमत खरोखर मोजली असेल, तर तेवढी रक्कम वजा होते. म्हणजे निर्यातीच्या मालापुरता पर्याय ‘टॅक्स की टॅक्स नाही’ असा उरलेलाच नाही. पैसे इथे भरायचे की तिथे, एवढाच आहे. इथे कार्बनला किंमत नको म्हणणारा माणूस देशभक्तीच्या नावाने युरोपची तिजोरी भरतो.

मग इथे किंमत लावा, असं म्हणून मोकळं व्हावं का? नाही. कारण ती एकदा लावून झाली आहे आणि तिचं काय झालं ते बघा. 2010 साली कोळशावर टनाला 50 रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लागला. 2014 ला 100, 2015 ला 200, 2016 ला 400 रुपये झाला. 2017-18 पर्यंत सुमारे 86 हजार कोटी रुपये जमले. ज्या निधीसाठी तो घेतला त्या निधीत 30 हजार कोटीसुद्धा पोचले नाहीत, आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना मिळाले सुमारे 16 हजार कोटी. जीएसटी आला तेव्हा हा पैसा राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळवला. सप्टेंबर 2025 मध्ये तो उपकरही गेला आणि कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी कसा ‘वळतो’ हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. नाव एकाचं, पैसा दुसरीकडे. कोळशावरचा हा भार वीजनिर्मितीच्या खर्चात जातो, म्हणजे वस्तीतल्या एका बल्बच्या बिलातूनही तो वसूल झाला. चंद्रपूरच्या वीज केंद्राची राख श्वासात घेणाऱ्याच्या वाट्याला काय आलं?

2023 मध्ये केंद्राने कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना आणली. ऑक्टोबर 2025 मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, कागद आणि क्लोर-अल्कली उद्योगांची लक्ष्यं जाहीर झाली. तिची रचना नीट वाचा. उत्पादनाच्या एका टनामागे किती धूर, याचं लक्ष्य ठरतं. ज्याने त्याहून कमी सोडला त्याला फुकट प्रमाणपत्रं, ज्याने जास्त सोडला त्याने ती विकत घ्यायची. पैसा एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे. सरकारी तिजोरीतही नाही, कामगाराकडे तर नाहीच. आणि सगळ्यांचा मिळून सरासरी बोजा इतका हलका की युरोपात वजा करायला फारसं काही हाती लागणार नाही. उद्योगाला सांभाळून घेण्याच्या नादात आपण ते कलमसुद्धा वाया घालवतो आहोत.

आता भंगाराकडे येतो. या लेखाला मी बसलो तो खरं तर त्यासाठीच.

पोलाद दोन वाटांनी होतं. एक, खनिज आणि कोळसा. दुसरी, भंगार वितळवून. सीबॅमच्या हिशोबात वापरून टाकलेल्या भंगाराचं उत्सर्जन शून्य धरतात. शिवाय पोलादासाठी फक्त कारखान्यातला थेट धूर मोजतात, विजेमागचा कोळसा मोजत नाहीत. म्हणजे जालन्यासारखी विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी जेवढं भंगार जास्त आणि कोळशावर केलेलं स्पंज आयर्न कमी घालेल, तेवढा तिचा माल कागदावर ‘स्वच्छ’. उद्या युरोपच्या बाजारात याच स्वच्छतेला भाव आहे.

हे भंगार गोळा कोण करतं? पहाटे पोतं घेऊन निघणाऱ्या आपल्या बाया. मातंग, बौद्ध, भटक्या-विमुक्त. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने 1993 पासून झगडून त्यांना ओळखपत्रं मिळवून दिली, महापालिकेला त्यांचं काम मान्य करायला लावलं. मराठवाड्यातल्या आमच्या वस्त्यांत ओळखपत्रसुद्धा नाही. खिळे, पत्रे, तुटक्या खुर्च्यांचे पाय वेचणाऱ्या बाईच्या हाताने लोखंड कचऱ्यातून बाहेर येतं, तिथून छोटा भंगारवाला, मोठा व्यापारी, मग भट्टी. कार्बनच्या वहीत कमी धुराची नोंद भट्टीमालकाच्या नावावर होते. बाईला मिळतो किलोचा भाव, तोही काटा मारून. जातीने घाण ठरवलेलं काम, आणि त्याच कामातून मालाला ‘हरित’ शिक्का!

म्हणून कामगार संघटनांच्या, आपल्या युवकांच्या मागण्यांत हे आलं पाहिजे. कार्बनपोटी इथे जमा होणारा प्रत्येक रुपया कायद्याने बांधलेल्या, दरवर्षी जाहीर हिशोब होणाऱ्या निधीतच गेला पाहिजे, आणि त्यातून भंगार वेचणाऱ्यांची नोंदणी, विमा आणि किमान भाव, भट्टीवरच्या ठेका कामगारांना उन्हाळ्यात कमी तासांची पूर्ण हजेरी, खाणी बंद होतील तिथल्या कामगारांना दुसरं काम. मालकाला भट्टी बदलायला मदत हवी? घ्या, पण हजेरीपुस्तक आणि पीएफचं चलन दाखवून घ्या.

त्या मिलमध्ये पुढची बोलणी दिवाळीनंतर झाली. आम्ही एका कागदावर तीन ओळी लिहून नेल्या होत्या : युरोपला किती टन माल गेला, त्यावर कार्बनपोटी किती रक्कम कापली गेली, आणि भट्टीत भंगार किती टक्के. ठेकेदाराने कागद घडी घालून खिशात ठेवला आणि शेठला विचारून सांगतो म्हणाला. अजून उत्तर आलेलं नाही. आम्ही दर सोमवारी विचारतो.