घरकामाचे तास तुमच्या बिझनेस प्लॅनमध्ये धरलेत का?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण कॉस्टिंग बघितलं. भाडं, लाईट बिल, माल, हप्ता, सगळं लिहिलं. एक खर्च मात्र राहिला. तो विसरून मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून आज त्यावरच बोलू.

रत्नागिरीत आमचं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. एप्रिल-मे म्हणजे आंब्याचा सीझन. बॉक्स, टेप घ्यायला सकाळी सातपासून रांग. आणि नेमकी मे महिन्यात मुलाला सुट्टी! बायको नोकरी करते, आई-बाबा गावी, कामाला बाई मिळत नाही. पहिल्या सीझनला मी रात्री दहाला घरी यायचो आणि सगळ्यांना सांगायचो, "दुकान एकट्याने उभं केलं."

एका रात्री बायको शांतपणे म्हणाली, "मी नोकरी सोडते. पण मग हप्ता कुठून भरणार तेवढं सांग."

मी गप्प. कारण पहिलं वर्षभर दुकानाचा हप्ता तिच्याच पगारातून जात होता! बीबीएला पानंच्या पानं कॉस्टिंग लिहिलं, पण हा हिशोब कधी कागदावर आलाच नाही.

मग आम्ही आठवडाभर घरकामाचे तास लिहिले. ती रोज साडेचार तास, मी चाळीस मिनिटं. हे फक्त आमच्याच घरात नाही बरं का. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा 88.

कायद्याने 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर लागतं. आपल्या दुकानात माणसं तीन! म्हणजे सोय आपणच करायची.

आम्ही काय केलं? एक, कामं वाटून घेतली. सकाळचा डबा आणि मुलाची आंघोळ पूर्ण माझी. "मदत करतो" हा शब्दच बंद, कारण मदत करणारा सुट्टी घेऊ शकतो. दोन, सीझनमध्ये दुकान नऊला उघडतो. आदल्या संध्याकाळी फोनवर ऑर्डर घेऊन माल बांधून ठेवतो. गिऱ्हाईक तुटलं नाही. तीन, त्या दोन महिन्यांत पोळ्या विकत आणि मूल पाळणाघरात. हे पैसे दुकानाच्या खर्चात लिहितो. पोळ्या विकत आणायची लाज कसली? पोळी-भाजी केंद्र चालवणारी ताईसुद्धा आपल्यासारखीच उद्योजक आहे.

नफा थोडा कमी दिसला. पण तो खरा होता. आधीचा नफा बायकोच्या झोपेतून निघत होता.

माझं स्पष्ट मत आहे, घरातल्या एका माणसाच्या फुकट तासांवर उभा असलेला धंदा नफ्यात नसतो, उधारीवर असतो. आणि ती उधारी कधीतरी फेडावी लागतेच.

तेव्हा कर्जाचा फॉर्म भरण्याआधी एक वही घ्या, दोघं बसा आणि आठवडाभराचे तास लिहा. तुमचा आकडा किती आला, ते मला नक्की कळवा!